घटपर्णीला माती चालत नाही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एसीच्या पाइपखाली बादली ठेवून आपण विसरून जातो आणि संध्याकाळी बघतो तर ती भरलेली असते, तसे ते जमतात. मी एसीचाच इंजिनीयर असल्यामुळे मला दुसरी उपमा सुचत नाही, सांभाळून घ्या.

आमचं मंडळ छोटं आहे. बहारीनला, उम्म अल हस्सम भागात एका बिल्डिंगमध्ये राहणारी माणसं, बस. मी शिरीष पाटील, मूळचा सांगलीचा. प्रकाश गजभिये नागपूरचे, सित्र्यातल्या एका कारखान्यात पाण्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. सामंत मॅडम मनामातल्या एका बँकेत, माहेर पार्ल्याचं, सासर वेंगुर्ल्याचं. आणि मारिसेल, फिलिपिन्सची, हॉस्पिटलमध्ये नर्स. ती मंडळात कशी आली ते पुढे सांगतो.

आम्हाला एकत्र आणलं ते एका झाडानं. घटपर्णी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं चित्र होतं. पानाच्या टोकाला लटकणारी सुरई, सुरईवर झाकण, आत पाणी आणि पाण्यात पडणारा किडा. परीक्षेत तिच्यावर टीप लिहून मी मार्क मिळवले होते, पण असलं काही खरंच कुठे उगवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

*

हिवाळ्यात बुदैयाला शनिवारचा बाजार भरतो. तिथे सामंत मॅडम कोथिंबीर आणायला गेल्या आणि घटपर्णी घेऊन आल्या.

त्या कुंडी पोटाशी धरून लिफ्टमध्ये शिरल्या तेव्हा आत मी होतो आणि गजभिये होते. तोवर आमची ओळख म्हणजे लिफ्टमधल्या नमस्कारापुरती. गजभियेंनी कुंडीकडे बघितलं, मग वाकून एका सुरईत डोकावले.

"ताई, हे पुस्तकातलं आहे," ते म्हणाले.

"हो ना. मलाही तसंच वाटलं," मॅडम म्हणाल्या.

लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं, मिटलं. मग गजभियेंचा मजला आला, तोही गेला. मॅडमचा मजला आला, तेव्हा मॅडमसुद्धा उतरल्या नाहीत. आम्ही तिघं त्या सुरयांच्या आत भरलेलं पाणी बघत होतो. बाजारात कुणी ओतलं असेल म्हणून मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या की विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलंय, ते पाणी झाड स्वतः तयार करतं.

लिफ्ट परत तळमजल्यावर आली. बाहेर उभ्या असलेल्या माणसानं आम्हाला विचारलं, की लिफ्ट बिघडली आहे का?

*

ती पहिली घटपर्णी मेली. कशी मेली ते ऐका.

सामंत मॅडमचा हात झाडांच्या बाबतीत चांगला. गॅलरीत त्यांनी अळू लावून दाखवलेलं आहे. त्यांनी नव्या पाहुणीला मोठी कुंडी आणली, नर्सरीतली काळी माती आणली, त्यात कंपोस्ट घातलं, भारतातून आणलेली निंबोळी पेंड घातली. वर तांदळाचं धुवण. वेंगुर्ल्याला ज्या मिश्रणात माड उभे राहतात त्याच तोलामोलाचं मिश्रण त्यांनी जमवलं होतं.

झाड पहिल्यांदा थबकलं. मग एकेक सुरई कागदासारखी वाळायला लागली. मॅडमना वाटलं याला अजून ताकद हवी. त्यांनी अजून खत दिलं. पानांची टोकं काळी पडली आणि महाशिवरात्र यायच्या आत सगळं संपलं.

गजभिये कुंडी उपटून मुळं बघायला आले. मुळं म्हणजे काळे केसच, बोटात धरले की तुटत होते. ते म्हणाले, "ताई, हे उपाशी नाही मेलं. हे खाऊन मेलं."

मग आम्ही वाचायला बसलो. वाचलं ते असं, की ही झाडं जिथली आहेत तिथल्या जमिनीत जवळजवळ काहीच नसतं. पिढ्यान्‌पिढ्या काहीच न मिळाल्यामुळे त्यांनी पोटाची सोय पानांकडे दिली आणि मुळांना सांगितलं, तुम्ही फक्त धरून ठेवा. त्या मुळांना खत म्हणजे विष. माती घट्ट बसली तर श्वास कोंडतो. त्यांना हवं असतं असं काहीतरी, ज्यात ओल राहील, हवा खेळेल आणि खायला काही नसेल.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. बँकेतली बाई, एरवी पटकन बोलणारी. त्या नुसत्या त्या रिकाम्या कुंडीकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे याला काही न देणं, हेच द्यायचं."

*

दुसरी घटपर्णी आली तेव्हा कारभार गजभियेंनी हातात घेतला. त्यांच्याकडे पेनासारखं एक यंत्र आहे. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत ते सांगतं. नळाच्या पाण्याचा आकडा बघून त्यांनी मान हलवली. माणसाला चालतं, पण या मुळांना नाही.

मग कोकोपीट भिजवलं, म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा. मातीऐवजी तेच वापरा असं सगळे सांगतात. विटेसारखी ती लादी फुगली, पाणी चहासारखं झालं आणि आकडा नळाच्याही वर गेला. नारळाची सोडणं किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात कुजवतात, ते मीठ त्यातच राहतं.

"पाटीलभाऊ, हे तर समुद्र सोबत घेऊन आलं," गजभिये म्हणाले.

धुवायचं ठरलं. पण कशानं धुणार? नळाचं पाणी खारट, बाटलीतलं किती आणणार? तेव्हा मला बादली आठवली. माझ्या धंद्यात एसीचं पाणी म्हणजे कटकट. छताला डाग, भिंतीला ओल, भाडेकरूंची बोंब. ते पाणी गुपचूप गटारात कसं जाईल हे बघण्यात माझी नोकरीतली वर्षं गेली. उन्हाळ्यात इथे समुद्रावरून जी दमट हवा येते, तिच्यातून एसी बादल्याच्या बादल्या काढतो.

मी एक बादली नेऊन दिली. गजभियेंनी पेन बुडवलं. मग ते झटकलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. "हे कुठून आणलं तुमी?"

"हवेतून."

आकडा शून्याला टेकला होता. खिडकीबाहेर पांढरं ऊन, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गवताची काडी नाही. गजभिये बादलीशेजारी स्टुलावर बसले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "पाऊसच आहे हा जी. फक्त दिसत नव्हता आपल्याले."

त्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या एसीच्या पाइपांखाली आमचे कॅन लागले. आणि गजभियेंच्या बाथटबमध्ये कोकोपीट धुवायला पडलं. त्यांच्या मिसेस, वैशालीवहिनी, शाळेत शिकवतात. दुपारी घरी आल्या तर टबात काठोकाठ तपकिरी पाणी.

"हे काय आहे?"

"धुणं," गजभिये म्हणाले.

"कशाचं?"

"मातीचं."

वहिनींनी पर्स खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "माती धुतल्यावर काय उरणार आहे?"

*

नुसतं कोकोपीट दाबून बसतं, म्हणून त्यात काय मिसळायचं यावर आमची चर्चा सुरू झाली. ती अजून संपलेली नाही. परलाइट मिळालं. ते पांढरं, हलकं, साबुदाण्याच्या लाह्यांसारखं दिसतं आणि मिश्रणात हवा धरून ठेवतं. सोडणाचे बोराएवढे तुकडे मिळाले. थोडा कोळसा मिळाला. मिळेना ते स्फॅग्नम. हे थंड प्रदेशातल्या दलदलीतलं शेवाळ असतं. वाळवलेलं मिळतं, पाणी घातलं की पुन्हा हिरवट आणि मऊ होतं.

एकाही नर्सरीत नव्हतं. शेवटी मॅडमना ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळालं, सरड्यांच्या पेटीत अंथरायला ठेवलेलं. दुकानदार केरळचा. त्यानं विचारलं, कुठला प्राणी आहे तुमच्याकडे? मॅडम म्हणाल्या, प्राणी नाही, झाड आहे. पण किडे खातं. त्यावर तो जरा मागे सरकला आणि विचारता झाला, की घरात लहान मूल नाही ना?

त्याच वर्षी मॅडमच्या सासूबाई व्हिजिटवर आल्या होत्या. वेंगुर्ल्याच्या बाई. माशाशिवाय जेवण नाही, पण श्रावण कडक. श्रावण लागला आणि मॅडमना शंका आली. घटपर्णी स्वयंपाकघराच्या खिडकीत, देव शेजारच्या कोनाड्यात. आणि ही घटपर्णीबाई रोज मुंग्या पचवणार! कुंडी बाहेर ठेवायची तर बाहेर चटके. त्यांनी घाबरतच सासूबाईंना सगळं सांगितलं.

सासूबाईंनी विचार केला. "ता आपला आपणच मिळयता मां? आपण भरवणव नाय मां?"

"नाही."

"मगे ऱ्हवांदे थयसर."

पण खरी गंमत पुढेच. रोज सकाळी देवाचं झालं की त्या खिडकीपाशी स्टूल घेऊन बसायच्या. एके दिवशी त्यांनी घरभर हाका मारल्या. मॅडमची मुलगी ईरा हातातला टोस्ट तसाच घेऊन धावली. एक माशी सुरईच्या कडेवर फिरत होती, तिथला गोड रस चाटत. कडा ओली आणि गुळगुळीत. माशी वळली, तिचा पाय घसरला आणि ती आत पडली. आवाजसुद्धा झाला नाही.

ईरा हळूच म्हणाली, "आज्जी, इट डिडन्ट इव्हन मूव्ह."

आजींना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी मान डोलावली. "होय गो. तेनां हातसुद्धा हलयल्यान नाय."

*

आमच्या बिल्डिंगचे मालक अबू सलमान. म्हातारे गृहस्थ, अंगात पायघोळ पांढरा थोब, पायात जुन्या चपला. मुंबईच्या व्यापाऱ्यांबरोबर उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांची हिंदी फार गोड. एका शुक्रवारी ते टाक्या बघायला गच्चीवर आले, तर आम्ही प्लास्टिकचा कागद अंथरून मिश्रण कालवत बसलेलो. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

ते उकिडवे बसले आणि त्यांनी एक मूठ उचलली. बोटांमधून सोडून बघितली.

"मिट्टी मफी?"

"मफी," गजभिये म्हणाले. इथल्या बोलीत मफी म्हणजे नाही.

"खाद?"

"मफी."

"तो ये खाता क्या है?"

मी कुंडी पुढे केली आणि एक सुरई वाकवून आतलं पाणी दाखवलं. अबू सलमाननी चष्मा लावला.  मग त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा मोती काढायला समुद्रात बुड्या मारायचे. महिनोन्‌महिने होडीत. प्यायचं पाणी संपलं की एकजण चामड्याची रिकामी पखाल, ते म्हणाले मशक, घेऊन खाली जायचा. समुद्राच्या तळाशी काही जागी गोड्या पाण्याचे झरे फुटायचे. वरती, खाली, चोहीकडे खारं पाणी आणि मधोमध तो गोडा उमाळा. पखालीचं तोंड त्यावर धरायचं, भरली की आवळायचं आणि वर यायचं. होडीतली सगळी माणसं समुद्राच्या पोटातलं गोडं पाणी प्यायची.

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी या बेटावर एसीच्या पाण्याचे पाइप टाकत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. गजभियेंचं ते पेन खिशातच राहिलं.

"अब वो चश्मे मफी," अबू सलमान त्या झऱ्यांबद्दल म्हणाले. "खलास."

मग त्यांनी हातातलं उरलेलं मिश्रण परत ढिगावर झटकलं, सुरईला अलगद बोट लावलं आणि उठताना म्हणाले, "अल्लाह ने इसको भी मशक दिया है."

*

आता मारिसेल. ती नव्यानं राहायला आली होती. मी लिफ्टमधून कुंडी नेत होतो आणि ती ड्यूटीचे कपडे घालून आत आली. कुंडी बघितली आणि तिचा हात तोंडावर गेला. तिनं तिच्या भाषेतलं एक नाव घेतलं. मग इंग्रजीत म्हणाली, सर, हे तुम्हाला कुठे मिळालं? हे आमचं आहे.

मी तिला तशीच मॅडमकडे घेऊन गेलो, गजभियेंनाही बोलावलं. ती मिंदानाओच्या डोंगरातली. शाळेतून येताना तहान लागली की ही मुलं झाकण न उघडलेली सुरई तोडायची, नखानं झाकण उचलायचं आणि आतलं पाणी प्यायचं. सामंत मॅडमनी विचारलं, चव कशी असते? मारिसेल म्हणाली, कसलीच नाही, म्हणून तर आवडायचं.

तिनं आमच्या मिश्रणात बोट घातलं, नाडी बघावी तसं. मऊ आहे, म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मग तिनं गावी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कुंडी दाखवली. आई काहीतरी बोलली आणि मारिसेल हसत सुटली.

"आई विचारते, बहारीनमध्ये रानसुद्धा घरात ठेवतात का?"

आम्हीही हसलो. मग मॅडम जरा संकोचून म्हणाल्या, "त्यांना विचार ना, तिथे जवळपास आहेत का."

आई उठली. फोन हलला, एक दार दिसलं, कोंबड्या दिसल्या आणि मग घरामागचा उतार. धुकं होतं. त्या धुक्यात झुडपांवरून, तारेच्या कुंपणावरून, वाटेच्या कडेनं सुरया लटकत होत्या. लाल, हिरव्या, ठिपक्यांच्या. जिथवर फोन जात होता तिथवर. एक बकरी त्यांच्यामधून चालत गेली.

आम्ही चारजण त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो होतो. मॅडमनी माझा दंड धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"माती दाखवायला सांगा," गजभिये म्हणाले.

आईला हे काय मागताहेत ते कळेना. पण तिनं फोन खाली नेला आणि पायानं पाला जरा बाजूला सारून दाखवलं. गंजलेल्या लोखंडासारखे लाल दगड. एवढंच.

*

त्यानंतर आमच्यात पक्ष पडले. मारिसेल म्हणायची दगडच खरे. तिनं लाव्हाचे सच्छिद्र खडे आणले. मॅडम शुद्ध स्फॅग्नमच्या. मी सोडणाचे तुकडे आणि परलाइटवाला. गजभिये केमिस्ट, ते कुणाच्याच बाजूनं नव्हते. ते दोन कुंड्या शेजारी ठेवून बघणारे.

त्या उन्हाळ्यात ते सुटीवर नागपूरला गेले आणि किल्ली मला देऊन गेले. बाथरूममध्ये दोन घटपर्ण्या, एक घट्ट भरलेल्या कोकोपीटमध्ये, एक मोकळ्या, भरड मिश्रणात. दोन्हींखाली पाण्याची परात. एसी मी स्वतः चोवीसवर लावून दिला होता.

मीही मध्ये सांगलीला जाऊन आलो. परत आल्यावर त्यांचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. एसी ट्रिप झालेला, कधी ते देव जाणे. हॉलमध्ये बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्त्या वाकून आडव्या झाल्या होत्या.  इंजिनीयर मी आणि नेमका माझाच एसी.

बाथरूमचं दार ढकललं. डावीकडची कुंडी कुजून गेली होती, वास येत होता. उजवीकडची...

मी दारातच थांबलो. परातीतलं पाणी तळाला गेलेलं, आरशावर दव, भिंतीवरून थेंब ओघळताहेत. आणि भरड मिश्रणातल्या त्या वेलाला माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरतील अशा सुरया लागल्या होत्या. ओठ गडद लाल. आम्ही इतके दिवस थंड, कोरड्या हवेत जपून जपून तिला बोटाएवढ्या सुरया आणवल्या होत्या. आम्ही विसरून गेल्यावर तिनं हे केलं होतं.

मी तिथूनच गजभियेंना फोन लावला. "एसी बंद पडला होता."

पलीकडून बारीक आवाजात, "खलास?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही येऊन बघेपर्यंत मी एसी चालू करणार नाही."

*

एक शेवटचा किस्सा सांगतो.

गजभियेंच्या कंपनीत माणसं कमी करायची ठरली आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. व्हिसा संपायच्या आत निघायचं होतं. त्यांनी फार दाखवलं नाही. सामान विकलं, वहिनींच्या शाळेचा निरोप झाला. उरला तो वेल, खिडकीच्या पडद्याच्या दांडीपर्यंत चढलेला. जिवंत झाड विमानातून न्यायचं तर कागदपत्रं लागतात, ती होण्यासारखी नव्हती.

एका शुक्रवारी सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. सतरंजीवर कात्री, स्पिरिट आणि कापूस मांडला होता. त्यांनी वेल खाली उतरवला, थोडा वेळ हातात धरला आणि तीन तुकडे केले. एक मला, एक मॅडमना, एक मारिसेलला.

"कशात लावायचं?" मी विचारलं. आम्हा तिघांनाही वाटत होतं की आज तरी ते निकाल देतील.

"ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे," ते म्हणाले. "मले आता भांडायचं नाही."

इतकी वर्षं त्या वेलाला त्यांनी वाढवलं, पण त्याला फूल आलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. घरात वाढणाऱ्या घटपर्णीला येतच नाही बहुतेक, असं ते म्हणायचे. एअरपोर्टवर त्यांनी आम्हाला मिठ्या मारल्या, वहिनी रडल्या आणि ते गेले.

मॅडमनी आपला तुकडा स्वच्छ शेवाळात लावला आणि स्वयंपाकघरात दिव्याखाली ठेवला. मी सोडण आणि परलाइटमध्ये, पूर्वेच्या खिडकीत. मारिसेलनं लाव्हाच्या खड्यांत, बाथरूममध्ये, जिथे तिरकं ऊन तेवढं येतं. तिन्ही जगले. कुणाचा आधी वाढला, कुणाचा मागून. उन्हाळा गेला, हिवाळाही सरत आला.

एका सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी गेलो तर शेंड्यातून एक सरळ दांडा वर आलेला, त्यावर मोहरीएवढ्या कळ्या. आदल्या दिवशी तो माझ्या लक्षात आला नव्हता. मॅडमना सांगायला मी फोन हातात घेतला आणि तो वाजला. मॅडमच होत्या.

"शिरीष, वर ये. मला काहीतरी दिसतंय."

मी जिन्याकडे पळालो तर मारिसेल ड्यूटीवरून नुकतीच आलेली, तशीच युनिफॉर्मवर खाली उतरत होती, मोबाइलवर काढलेला फोटो पुढे धरून.

आम्ही तिघांनी माझ्या खिडकीशी जमून नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. गजभिये अंगणात खुर्चीवर बसले होते. मी त्यांना माझा दांडा दाखवला. मॅडमनी पाठवलेला फोटो त्यांनी बघितला, मारिसेलचा बघितला.

"एकाच झाडाचे तीन फोटो दाखवून राहिले का मले?"

मग मी फोन न कापता माझ्या खिडकीपासून निघालो. त्यांना कुंडीतले सोडणाचे तुकडे दाखवले. जिना चढून मॅडमच्या स्वयंपाकघरात नेलं, शेवाळ दाखवलं, दांडा दाखवला. अजून वर मारिसेलकडे नेलं. बाथरूमचा दिवा तिनं लावला. लाल खडे, त्यावर वेल आणि शेंड्यातून वर आलेला तेवढाच दांडा, तशाच कळ्या.

"हे आजचंच?" त्यांनी विचारलं.

"आजचंच," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही."

पलीकडून मागे कुठेतरी वहिनींचा आवाज आला, काय झालं हो? गजभियेंनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा पडद्याजवळ आला.

"फोन ठेवू नका, पाटीलभाऊ," ते म्हणाले. "आणि काही बोलू नका थोडा वेळ."

आम्ही तिघं त्या छोट्या बाथरूममध्ये दाटीवाटीनं उभे होतो. मी फोन कळ्यांसमोर धरून ठेवला.